खटल्यावाचून बंदी

तुरुंगातील माणसांचे दोन वर्ग मानण्याचा प्रघात आहे. अपराध शाबीत होऊन ज्यांना शिक्षा झाली ते शिक्षेचे कैदी, आणि ज्यांच्या खटल्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे ते कच्चे कैदी. शिक्षेच्या कैद्यास आपण केव्हा सुटणार हे बहुधा ठाऊक असते. तो भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजू शकतो. कच्च्या कैद्यास सुटकेची तारीख नसली तरी पुढच्या सुनावणीची असते, आणि आज ना उद्या आपल्या नावाचा पुकारा होईल या आशेवर तो राहतो. परंतु या दोहोंतही नीटसा न बसणारा एक तिसरा वर्ग बहुतेक सर्व देशांच्या तुरुंगांत आढळत आला आहे. या माणसावर आरोप आहे, पण त्याचा खटला चालत नाही. कारण आपल्यावर आरोप कोणता, समोर उंच आसनावर बसलेले गृहस्थ कोण, आपल्या बाजूने बोलणारा वकील कोण, यांतले काहीच त्यास उमगत नाही. त्याची बुद्धी ठिकाणावर नाही असे पाहून न्यायालय दयाबुद्धीने खटला थांबविते. खटला थांबतो, बंदी मात्र चालूच राहते. दयेच्या पोटी जन्मलेला हा बंदिवास कसा वाढत गेला आणि त्याला आळा घालण्याचे यत्न कोठे व कसे झाले, त्याची हकीकत सुशिक्षित घरांतूनही फारशी कोणाच्या कानी पडलेली नसते.

प्रारंभीच एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. वेड आणि अपराध यांचा संबंध कायद्यात दोन ठिकाणी येतो. कृत्य करतेवेळी मनुष्य वेडा होता, आपण करतो ते काय हे त्यास कळत नव्हते, असे सिद्ध झाल्यास तो अपराधीच ठरत नाही. १८६० च्या दंडसंहितेचे ८४ वे कलम हेच सांगत होते आणि आजच्या भारतीय न्याय संहितेचे २२ वे कलमही तेच सांगते. आपला विषय हा नव्हे. आपला विषय खटल्याच्या वेळच्या वेडाचा. कृत्य करताना मनुष्य शहाणा असेल वा नसेल. कदाचित ते कृत्य त्याने केलेलेच नसेल! पण आज, न्यायालयात उभा असताना, तो आपला बचाव करण्यास समर्थ नाही, एवढाच प्रश्न. पहिल्या प्रसंगी निर्णय होतो, दुसऱ्या प्रसंगी निर्णय लांबणीवर पडतो. आणि सारे दुःख या लांबणीत आहे.

अशा माणसाचा न्याय करू नये ही कल्पना फार जुनी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मद्यप्यांबरोबरच वेड्यांनी, रोग्यांनी, बालकांनी केलेला व्यवहारही असिद्ध गणला आहे. इंग्लंडात ब्लॅकस्टन या पंडिताने १७६९ साली आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात जुना नियम नोंदवून ठेविला. अपराधानंतर पण खटल्यापूर्वी मनुष्य वेडा झाला तर त्यास आरोपाचे उत्तर विचारू नये. खटल्यानंतर झाला तर शिक्षा सुनावू नये. शिक्षेनंतर झाला तर फाशी देऊ नये, कारण शुद्धीवर असता तर कदाचित त्यास आपल्या बचावासाठी काही सांगावयाचे असते. हे शेवटचे कारण मोठे मार्मिक आहे. ‘त्या रात्री मी अमुक गावी होतो, अमक्याला विचारा’ एवढे एक वाक्य बोलण्याची शक्ती ज्याच्यापाशी उरलेली नाही, त्याच्याविरुद्ध साक्षीपुरावा ऐकणे म्हणजे ज्याचे हात बांधलेले आहेत त्याच्याशी कुस्ती खेळणे होय.

पण इंग्रजी न्यायालयांपुढे एक व्यावहारिक अडचण होती. आरोपीने ‘अपराधी’ किंवा ‘निरपराध’ असे उत्तर दिल्यावाचून खटला पुढे सरकत नसे. काही आरोपी मुद्दाम मौन धरीत. अशांच्या छातीवर वजने ठेवून त्यांना बोलावयास लावण्याचा, प्रसंगी त्यातच त्यांचा अंत करण्याचा, अघोरी प्रकार कायदेशीर समजला जात असे. तो १७७२ साली बंद झाला. तेव्हा आरोपी बोलत नसेल तर तो हट्टाने बोलत नाही की ईश्वरी कोपामुळे त्यास बोलता येत नाही, हे ठरविण्यासाठी निराळे पंच बसवीत. आरोपीच्या मनाची न्यायालयाने तपासणी करण्याची प्रथा ही अशी आरोपीच्या मौनातून निघाली.

मनाची तपासणी झाली. पुढे त्या माणसाचे काय करावयाचे? याचे उत्तर १८०० साली एका नाटकगृहात झालेल्या गोळीबारातून निघाले. १५ मे १८०० च्या रात्री लंडनच्या ड्रुअरी लेन नाटकगृहात राजे तिसरे जॉर्ज आपल्या आसनापाशी येऊन उभे राहतात न राहतात तोच प्रेक्षकांतून पिस्तुलाची गोळी सुटली. नेम चुकला. गोळी झाडणारा जेम्स हॅडफील्ड हा पूर्वीचा घोडेस्वार शिपाई. १७९४ साली फ्रेंचांशी झालेल्या लढाईत त्याच्या मस्तकावर तलवारीचे भयंकर घाव बसले होते आणि तेव्हापासून त्याची बुद्धी फिरली होती. आपण सरकारच्या हातून मेलो तर जगाचा उद्धार होईल अशी त्याची समजूत. आत्महत्या पाप, म्हणून त्याने राजावर गोळी झाडून फाशी ओढवून घेण्याचा मार्ग काढिला. टॉमस अर्स्किन या नामांकित वकिलाने त्याची बाजू मांडिली आणि पंचांनी त्यास वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरविले. पण निर्दोष माणसाला कोंडून ठेवावयाचे कोणत्या आधारावर? आणि सोडावे तर राजाच्या जिवाची हमी कोणी द्यावयाची? पार्लमेंटाने त्याच उन्हाळ्यात घाईघाईने कायदा केला. वेडामुळे निर्दोष ठरलेल्यांना आणि, येथे लक्ष द्यावयास हवे, वेडामुळे ज्यांचा खटलाच चालू शकत नाही अशांनाही ‘महाराजांची मर्जी असेतोवर’ कडक पहाऱ्यात ठेवावे, असे त्या कायद्याने ठरविले.

हॅडफील्डने गोळी झाडिली होती, हजारोंनी ती पाहिली होती. पण त्याच्यासाठी शिवलेला अंगरखा ज्यांनी काही केले की नाही हेच ठरलेले नाही अशांच्याही अंगावर चढविण्यात आला. महाराजांच्या मर्जीला मुदत नसते. स्वतः हॅडफील्ड १८४१ साली लंडनच्या बेथलेम वेड्यांच्या इस्पितळात मरेपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षे, पहाऱ्यात राहिला. १८६३ साली अशा लोकांसाठी ब्रॉडमुअर येथे स्वतंत्र इस्पितळ उघडले, तेव्हा जागा बदलली, मर्जीचा नियम बदलला नाही.

दरम्यान १८३६ साली प्रिचर्ड नावाच्या एका मुक्या-बहिऱ्या आरोपीच्या खटल्यात बॅरन ऑल्डर्सन या न्यायाधीशांनी पंचांस तीन प्रश्न घालून दिले. आरोपी हट्टाने मुका आहे काय? तो आरोपास उत्तर देऊ शकतो काय? आणि न्यायालयात चालले आहे ते समजून योग्य बचाव करण्याइतकी बुद्धी त्यास आहे काय? इंग्लंडात आणि इंग्रजी कायदा जेथे जेथे गेला तेथे या प्रश्नांची छाया पुढे दीडशे वर्षे पडली. पण तिन्ही प्रश्न दारातले आहेत. दार बंद झाल्यावर आतल्या माणसाची चौकशी कोणी, कितव्या दिवशी करावयाची, असा चौथा प्रश्न कोणी विचारला नाही.

हिंदुस्थानात कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले त्याच वर्षी, १८५८ साली, वेड्यांसंबंधी तीन कायदे झाले. त्यांपैकी ३६ वा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा होता. फौजदारी कामकाजाचा पहिला कायदा १८६१ साली झाला. पुढे १८९८ साली जो झाला तो पाऊण शतक टिकला. त्याच्या चौतिसाव्या प्रकरणात, ४६४ ते ४७५ या कलमांत, वेड्या आरोपींची सर्व व्यवस्था सांगितलेली होती. मॅजिस्ट्रेटला आरोपीच्या मनाविषयी शंका आली तर त्याने सिव्हिल सर्जनकडून तपासणी करवावी. वेड खरे ठरल्यास काम तहकूब करावे. आरोपीची नीट काळजी घेण्याचा आणि त्याच्या हातून कोणास इजा न होऊ देण्याचा कोणी जामीन देईल तर त्याच्या हवाली करावे. न दिल्यास सुरक्षित जागी ठेवून सरकारास कळवावे. तो बरा झाल्याचा दाखला तुरुंगांच्या इन्स्पेक्टर जनरलने किंवा इस्पितळाच्या व्हिजिटरांनी दिला की त्यास न्यायालयापुढे आणून काम पुढे चालवावे. हीच तजवीज १९७३ च्या कायद्यात ३२८ ते ३३९ या कलमांत उतरली, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६७ ते ३७८ या कलमांत ती आजही आहे.

वाचणाऱ्यास ही तजवीज मोठी समंजस वाटते, आणि ती तशी आहेही. गोम अशी की जामीन देणारा नातेवाईक हवा, आणि वेड्या, दरिद्री, परगावच्या माणसाला बहुधा तोच नसतो. इस्पितळातून दाखला निघावा, तो तुरुंगात पोहोचावा, तेथून मॅजिस्ट्रेटकडे जावा, तेथे जुने दप्तर सापडावे, साक्षीदार जिवंत असावेत, आणि या साऱ्या मजलांत कोठेही मुदत घातलेली नाही. कागद एका टेबलावर थांबला तर तो का थांबला हे विचारणारा एकच माणूस असतो, आणि त्यास बोलता येत नाही म्हणूनच तर हे सारे घडलेले असते!

मुदतीचा प्रश्न प्रथम स्पष्टपणे सोडविला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९७२ साली. त्या खटल्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. इंडियाना राज्यातील थिऑन जॅक्सन हा सत्तावीस वर्षांचा तरुण जन्माचा मुका-बहिरा होता. लिहिता-वाचता येत नव्हते, खुणांची भाषाही जुजबी, आणि बुद्धी शाळेत न गेलेल्या पोराएवढी. दोन बायकांच्या वस्तू हिसकावल्याचा त्याच्यावर आरोप होता. एकीची पिशवी आतल्या ऐवजासह चार डॉलरांची, दुसरीचे रोख पाच. मिळून नऊ डॉलर. डॉक्टरांनी तपासून सांगितले की खटला समजण्याइतकी बुद्धी त्यास नाही आणि पुढेही येण्याचा फारसा संभव नाही. तेव्हा ‘शहाणा होईपर्यंत’ त्यास कोंडून ठेवण्याचा हुकूम झाला. त्याच्या वकिलाचे म्हणणे सरळ होते. जो कधीच शहाणा व्हावयाचा नाही त्यास शहाणा होईपर्यंत ठेवणे ही जन्मठेप झाली, आणि तीही अपराध शाबीत झाल्यावाचून. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी न्यायालयाचा एकमुखी निकाल दिला. केवळ खटला चालविण्यास असमर्थ एवढ्याच कारणावरून कोणास ठेवावयाचे असेल तर नजीकच्या काळात तो समर्थ होण्याचा बराचसा संभव आहे की नाही हे ठरविण्यास जेवढा वाजवी काळ लागेल तेवढाच ठेवता येईल. संभव नसेल तर इतर कोणाही रोग्यासाठी जी दिवाणी रीत आहे ती अनुसरावी, नाही तर सोडावे. प्रिचर्डही मुका-बहिरा, जॅक्सनही मुका-बहिरा. चौथा प्रश्न विचारला जावयास मध्ये १३६ वर्षे जावी लागली.

अमेरिकेत हा निकाल झाला त्या वेळी बिहारच्या हजारीबाग मध्यवर्ती तुरुंगात काही माणसे दिवस कंठीत होती. ती तेथे आहेत हे जगास कळले ते १९८२ सालच्या जानेवारीत, हजारीबागच्या मोफत कायदेसाहाय्य समितीने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांना लिहिलेल्या एका पत्रामुळे. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानून चौकशी केली. तेव्हा बाहेर आले की वेडे म्हणून तुरुंगात घातलेले कित्येक कैदी वीस-वीस, तीस-तीस वर्षे तेथेच होते. त्यांतले काही बरे झाल्याचे दाखले वर्षानुवर्षे कागदांत पडून होते. वेड गेले, दाखला आला, बंदी राहिली. एरव्ही रांची हे गाव हजारीबागहून दूर नाही, आणि रांचीजवळचे कांके येथील वेड्यांचे इस्पितळ साऱ्या देशास ठाऊक आहे. न्यायालयाने बऱ्या झालेल्यांना सोडून देण्याचा हुकूम केलाच. शिवाय गावी जाण्याचा प्रवासखर्च आणि आठवडाभराच्या निर्वाहाची रक्कम सरकारने द्यावी असेही सांगितले. या शेवटच्या ओळीतच न्यायाधीशांची दृष्टी दिसते. तीस वर्षांनी दार उघडले तर त्या माणसाच्या खिशात गाडीभाडे असणार नाही, हे ध्यानात येण्यास नुसते कायद्याचे ज्ञान पुरत नाही.

याच सुमारास मुंबईच्या एक पत्रकार शीला बारसे तुरुंगांतील स्थितीचा पाठपुरावा करीत होत्या. मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या हालांसंबंधी त्यांनी सर्वोच्च न्यायालयास लिहिलेल्या पत्रावरून १९८३ साली महत्त्वाचा निकाल झाला होता. पुढे ज्यांच्यावर कोणताही आरोप नाही, केवळ वेड लागले म्हणून ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ ज्यांची रवानगी थेट तुरुंगात होते, अशांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्याखाली ही रीत बिनबोभाट चालत आली होती, विशेषतः बंगाल आणि आसामकडे. अशा माणसांना तुरुंगात धाडणे बेकायदेशीर व घटनाविरुद्ध आहे असा निकाल १९९३ सालच्या ऑगस्टात लागला. आरोपी वेड्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही हे खरे. तथापि तुरुंग म्हणजे वेड्याची राखणजागा ही जुनी समजूत तरी न्यायासनावरून पुसली गेली.

पण या सर्व प्रकरणांत जे एक नाव विसरू म्हणता विसरता येत नाही, ते आसामचे मचांग लालुंग. आजच्या मोरीगाव जिल्ह्यातील सिलसांग या खेड्याचा हा तिवा जमातीचा तरुण. १९५१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कोणास जबर दुखापत केल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्याला धरिले. मन ठिकाणावर नाही म्हणून त्याची रवानगी तेजपूरच्या मनोरुग्णालयात झाली. ते रुग्णालय १८७६ साली स्थापन झालेले, त्या बाजूचे सर्वांत जुने. येथपर्यंत सर्व कायद्याबरहुकूम झाले. डॉक्टरांनीही आपले काम केले. १९६७ साली त्यांनी लिहून दिले की हा मनुष्य बरा झाला आहे. वास्तविक १८९८ च्या कायद्यात याच क्षणासाठी कलम लिहिलेले होते, आणि न्यायालयापुढे उभे करून एक तर खटला चालवावा किंवा सोडून द्यावे एवढेच बाकी होते. त्याऐवजी मचांग लालुंगला गुवाहाटीच्या तुरुंगात नेऊन ठेविले.

सोळा वर्षे रुग्णालयात गेली होती, ती एक वेळ आजाराच्या खाती टाकता येतील. तुरुंगातली पुढची अडतीस वर्षे कोणाच्या खाती टाकावयाची? त्या अवधीत तुरुंगावर किती अधिकारी आले आणि निवृत्त झाले असतील! त्यांच्यापैकी कोणी क्रूर होता असे मानण्याचे कारण नाही. रोजच्या मोजदादीत एक माणूस भरत होता, तो शांत होता, तक्रार करीत नव्हता; आणि तक्रार न करणाऱ्या कैद्याचे दप्तर कोणी आपण होऊन उघडीत नाही. खटल्याचे कागद नाहीसे झाले, पुरावा काहीच उरला नाही, घरच्यांनी तो मेला असे धरले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या नजरेस हे प्रकरण आले तेव्हा कोठे चक्र फिरले. जुलै २००५ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्यात आले. एक रुपया! चोपन्न वर्षांपूर्वी एवढ्यावर कोणी सोडले असते काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. आयोगाच्या चौकशीत असेही दिसले की तेजपूरच्या त्याच रुग्णालयात तीस-तीस वर्षे निकालावाचून राहिलेले आणखीही आरोपी होते.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने आसाम सरकारने त्यास तीन लाख रुपये भरपाई आणि दरमहा हजार रुपये द्यावयाचे ठरले. गावी परतलेला तो वृद्ध २५ डिसेंबर २००७ रोजी वारला. स्वातंत्र्याची अडीच वर्षेही त्याच्या वाट्यास पुरती आली नाहीत.

त्यानंतरच्या काळात आपल्या कायद्यात काही चांगले बदल झाले. कमाल शिक्षेचा निम्मा काळ ज्याने खटल्यावाचून तुरुंगात काढला त्यास सोडावे, ही तरतूद जून २००६ पासून अंमलात आली. फाशीस पात्र अपराध मात्र तिच्यातून वगळले होते. वेड्या आरोपींच्या कलमांत २००९ अखेर दुरुस्ती होऊन तपासणीसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांना स्थान मिळाले. रोग्यास रुग्णालयातच ठेवण्याची गरज नसेल आणि कोणी नातेवाईक अथवा मित्र त्याच्या नियमित उपचाराची हमी देत असेल, तर अपराध जामिनाचा असो वा नसो, त्यास सोडावे असे ठरले. मुळात आरोपात काहीच तथ्य दिसत नसेल तर खटला काढून टाकण्याचीही मुभा मिळाली. पण ‘नातेवाईक अथवा मित्र’ हे शब्द पुनः आलेच. ज्यास कोणी नाही त्याचे काय, हे कोडे राहिलेच.

या कोड्यावर अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यात जो उपाय निघाला तो विचार करण्याजोगा आहे. जॅक्सनच्या निकालाने ‘वाजवी काळ’ सांगितला होता, पण दिवस सांगितले नव्हते. तेथील तुरुंगात असमर्थ ठरलेली माणसे रुग्णालयातील खाट रिकामी होण्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे, कित्येकदा महिने, पडून राहत. त्यांच्यासाठी दुसरी सोय नसल्याने अनेकांना एकांतकोठडीत ठेवीत. आणि एकांताने वेड वाढते, हे सांगावयास तज्ज्ञ नको. शेजारच्या ऑरेगन राज्यासंबंधी २००३ सालीच सात दिवसांची मर्यादा न्यायालयाने मान्य केली होती. एप्रिल २०१५ मध्ये न्यायाधीश मार्शा पेक्मन यांनी वॉशिंग्टन राज्यासही तशीच मर्यादा घालून दिली. तपासणीची मुदत पुढे अपिलानंतर चौदा दिवसांपर्यंत वाढली, हा भाग किरकोळ आहे. राज्याने मुदती पाळल्या नाहीत. न्यायालयाने दंड बसविला. दंड साचत गेला. जुलै २०२३ मध्ये दहा कोटींहून अधिक डॉलर भरण्याचा हुकूम झाला. ज्या सरकारला दया समजत नाही त्यास हिशेब समजतो, असेच कोणी म्हणेल. पण इतका दंड होऊनही वाट पाहणारे उरलेच, तेव्हा नुसत्या हिशेबानेही भागत नाही हे कबूल करावे लागते.

उपयोगाची गोष्ट निराळीच आहे. २०१८ साली उभय पक्षांत तडजोड झाली, तिच्यात खाटा वाढविण्याबरोबरच घरे, उपचार आणि माणसे यांचा विचार होता. आरोपीच्या मनाविषयी शंका निघताच न्यायालयाने त्याच्या सोबतीला एक मनुष्य नेमावा, असे ठरले. तेथे त्याचे नाव काहीही असो, आपल्या भाषेत त्यास वाटाड्या म्हणावे. तो वकील नव्हे, डॉक्टर नव्हे, शिपाईही नव्हे. तो कैद्यास भेटतो, पूर्वी कोठे औषधपाणी चालू होते, राहण्यास जागा आहे की नाही, कोण आप्त आहेत, याची माहिती काढतो. तुरुंगाबाहेर ठेवून उपचार करता येतील की काय हे न्यायालयास कळवितो. सोडल्यास औषधाच्या वेळा, डॉक्टरची भेट, न्यायालयाची तारीख यांची आठवण देतो. उपचारही नुसते गोळ्यांचे नसतात. न्यायाधीशाचे काम काय, आपल्या वकिलापाशी काय बोलावयाचे, साक्षीदार खोटे बोलला तर काय करावयाचे, हे या माणसांना वर्गात बसवून शिकवितात. वयाने मोठी, आजाराने खचलेली माणसे हा धडा गिरवितात आणि पुष्कळांना तो येतोही. प्रिचर्डच्या खटल्यातील तिसरा प्रश्न अशा रीतीने परीक्षेऐवजी अभ्यासाचा विषय झाला.

आपल्याकडे या कामाचे तुकडे कायद्यात विखुरलेले आहेत. १९८७ च्या कायदेसेवा अधिनियमाच्या १२ व्या कलमाप्रमाणे कोठडीतील प्रत्येकास, मनोरुग्णालयात ठेवलेल्यासदेखील, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी दारिद्र्याचा दाखला लागत नाही, पण कोणीतरी मागणी करावी लागते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही महाराष्ट्रातील चार जुनी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली आहेत. तेथे ज्यांचा कोणी येऊन ठाव विचारीत असेल त्याचे बरे, ज्याचा कोणी विचारीत नाही त्याच्यासाठी हा हक्क लिहिलेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ रोजी अंमलात आला. त्याच्या १०३ व्या कलमाप्रमाणे मनोरुग्ण कैद्यांच्या उपचारासाठी प्रत्येक राज्याने निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात तशी संस्था उभारावयाची आहे. तसेच आपल्या तुरुंगात मनोरुग्ण कैदी उरलेला नाही, असा दाखला तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने संबंधित मंडळाकडे पाठवावयाचा आहे, आणि मंडळाच्या लोकांस तुरुंगात जाऊन त्या वैद्यकीय अधिकाऱ्यास विचारणा करण्याचा अधिकार आहे. हा दाखला दर तीन महिन्यांनी पाठवावयाचा असतो.